एकाच खोलीतल्या सायकली, प्रत्येकीचा वॉट वेगळा

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
मुख्य कार्यालय, पुणे

दिनांक: २० ऑगस्ट

विषय: कोथरूड शाखेतील स्पिनिंग सायकलींच्या वॉटच्या आकड्यांतली तफावत आणि प्रशिक्षण शुल्काचा परतावा

महोदय,

मी तीन वर्षं आपल्या जिमच्या कोथरूड शाखेची सभासद आहे. एरवी सायकल रस्त्यावरच चालवते. पण पाऊस लागला की खड्डा किती खोल आहे ते त्यात पडल्यावरच कळतं, म्हणून पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे येते. नोव्हेंबरमध्ये २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करायची आहे. त्यासाठी नेहमीच्या फीवर ६,५०० रुपये जादा भरून आपली वॉटवर, म्हणजे पेडल मारण्याच्या ताकदीच्या मापावर, आधारलेली प्रशिक्षण योजना घेतली.

या योजनेचा सगळा डोलारा एकाच आकड्यावर उभा आहे. २० मिनिटं जीव तोडून पेडल मारायचं, सरासरी वॉट काढायचे, त्याचे ९५ टक्के म्हणजे आपला एफटीपी, साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद. पुढचा सगळा व्यायाम त्या हिशोबाने. जूनमध्ये ४ नंबरच्या सायकलवर माझी सरासरी १६८ आली, म्हणजे एफटीपी १६०. आठ आठवडे एक दिवस न चुकवता घाम गाळला. ऑगस्टमध्ये परत चाचणी दिली ती ११ नंबरवर, कारण ४ नंबर कुणीतरी आधीच बुक केली होती. सरासरी १४१. एफटीपी १३४!

आपल्या प्रशिक्षकांनी मला झोप नीट होते का विचारलं, मग वय विचारलं आणि शेवटी प्रोटीन पावडरचं पाकीट पुढे केलं. सायकलकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मीही दोन दिवस तोंड पाडून होते, हे कबूल करते.

मग माझ्या रस्त्यावरच्या सायकलचे पॉवर मीटरवाले, म्हणजे वॉट मोजणारे, पेडल काढून पिशवीत घातले आणि फ्लोअर ट्रेनरच्या परवानगीने सकाळची बॅच सुरू होण्याआधी आपल्या तीन सायकलींना आळीपाळीने लावले. (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. आपल्या माणसाने ते आधी जोर लावून उलट दिशेने आवळलं, तेही जाता जाता सांगते.) दर वेळी पेडल शून्यावर आणले आणि मिनिटाला ८५ फेऱ्यांच्या लयीत दहा-दहा मिनिटं चालवलं. मध्ये पुरेशी विश्रांती घेतली. ४ नंबरवर पेडल १५० वॉट सांगत होते, सायकलचा पडदा १७१. ९ नंबरवर पेडल १५१, पडदा १९६. ११ नंबरवर पेडल १४९, पडदा १२८. छातीच्या पट्ट्यावर नाडी तिन्ही वेळा १३७ ते १३९ च्या आत. म्हणजे मेहनत तीच आणि पडद्यांमध्ये फरक ६८ वॉटचा.

पेडलवर दिलेल्या जोरातला दोन-तीन टक्के पट्ट्यात आणि बेअरिंगमध्ये जिरतो, त्यामुळे सायकलने पेडलपेक्षा थोडं कमी दाखवलं तर ते मला मान्य आहे. पण जास्त कसं दाखवते? मधे कुठे मोटर तर बसवलेली नाही ना?

कारण समजून घेण्यासाठी मी आपल्या देखभालीच्या माणसाशी बोलले. या सायकलींमध्ये जोर मोजणारं काहीच नाही. मूठ फिरवली की चुंबक चाकाजवळ सरकतं. चुंबक किती सरकलं आणि पाय किती वेगाने फिरतायत एवढं पाहून सायकल कारखान्यात भरलेल्या कोष्टकातून वॉट काढते. चुंबकाचं बूड किंचित ढळलं, सुटा भाग बदलून परत कॅलिब्रेशन केलं नाही, म्हणजे माप ताडून बसवलं नाही, किंवा फरशी पुसताना रोज सायकल ओढत नेली, तरी कोष्टक तेच राहतं. शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, असं विचारलं तर ते हसले.

शाखा व्यवस्थापकांचं उत्तर असं: "मॅडम, वॉट म्हणजे अंदाज असतो, एवढं मनावर नका घेऊ." ठीक आहे. मग त्या अंदाजाचे ६,५०० रुपये का घेतले? भाजीवाल्याचा काटा रोज ५० ग्रॅम कमी दाखवत असेल तर निदान तेवढं धरून चालता येतं. इथे चौदा काटे आहेत आणि रोज वेगळ्या काट्यावर माप. शिवाय दर शनिवारी टीव्हीवर वॉटप्रमाणे नंबर लावता, म्हणून ९ नंबरची सायकल बुकिंग उघडल्यावर दोन मिनिटांत जाते. सभासदांना सगळं माहीत आहे, फक्त आपल्या कार्यालयाला नाही.

राग येण्याचं खरं कारण पुढे आहे. या तफावतीने माझे जुने आकडे दुरुस्त केले, तर जूनमधले १६८ म्हणजे खरे १४७ च्या आसपास आणि ऑगस्टमधले १४१ म्हणजे खरे साधारण १६४. मी चांगली सुधारले होते! आणि आपण मला नवं, हलकं वेळापत्रक देऊन दोन आठवडे मागे ढकललंत.

चौदाही सायकलींचं कॅलिब्रेशन करून प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी लावावी. ते होईपर्यंत शनिवारचे नंबर बंद ठेवावेत आणि या योजनेतल्या सभासदांना दर वेळी एकच सायकल बुक करता यावी. माझे ६,५०० रुपये परत करावेत. प्रोटीनचं पाकीट मी घेतलेलं नाही, त्यामुळे त्याचा हिशोब नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवेन. आपल्या तंत्रज्ञाला ताडून बघायचं असेल तर पेडल घेऊन मी परत यायला तयार आहे. सकाळी सहाच्या आधीची वेळ कळवावी, नंतर मला ऑफिस असतं.

आपली,
कोथरूड शाखेची एक सभासद

सोबत: तिन्ही सायकलींच्या पडद्यांचे आणि माझ्या मीटरच्या नोंदींचे फोटो, शुल्काची पावती (सभासद क्रमांक पावतीवर आहे)