खरा पिझ्झा कुठला?

नेपल्स

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. लेकीने मागवलेला पनीर-मक्याचा पिझ्झा बघून ‘हा काही खरा पिझ्झा नव्हे’ असं तू भर जेवणात सुनावलंस म्हणे! गड्या, ज्या इटलीतल्या नेपल्सच्या, पिझ्झाच्या माहेराच्या, नावाने तू हे बोललास तिथेच सध्या माझा मुक्काम आहे, तेव्हा जरा ऐक.

इथे जो तो आधी राणीची गोष्ट सांगतो. १८८९ मध्ये इटलीची मार्गेरिता राणी नेपल्सला आली, राफाएले एस्पोझितो या पिझ्झावाल्याने टोमॅटो, मोझरेला आणि बेझिल घालून पिझ्झा केला, तिला आवडला, म्हणून त्याला तिचं नाव. राजवाड्याचं आभारपत्रसुद्धा ब्रांदी पिझ्झेरियात जपून ठेवलंय. पत्र अस्सल आहे का, यावर इतिहासकारांनी शंका काढल्या आहेत. मला विचारशील तर पिझ्झा राणीने नाही, उधारीने जगवला. आज खा, आठ दिवसांनी पैसे दे, अशी इथली जुनी रीत. हातावर पोट असलेल्यांचं खाणं ते! पोरं गल्लोगल्ली तुकडे विकायची, एका सोल्दोला, म्हणजे तिथल्या एका छोट्या नाण्याला, एक. एकाने रोममध्ये दुकान थाटलं, तर सुरुवातीला झुंबड उडाली आणि नव्याची नवलाई सरताच दुकान बसलं. मातिल्दे सेराओ या लेखिकेने १८८४ मध्येच हे लिहून ठेवलंय. म्हणजे बघ, इटलीतच पिझ्झा परका होता. न्यूयॉर्कमध्ये मात्र इटलीहून गेलेल्या लोम्बार्दींचं पिझ्झाचं दुकान १९०५ पासूनचं सांगतात. उत्तर इटलीत तो खऱ्या अर्थाने रुळला दुसऱ्या महायुद्धानंतर. आपल्याकडे मोठ्या परदेशी साखळ्या आल्या १९९६ मध्ये.

बाकी बनवणाऱ्याचे हात बघत राहावेत असे. लाटणं वर्ज्य. पिठाचा गोळा बोटांनी मधून कडेकडे दाबत नेतो, म्हणजे आतली हवा काठात जमते. मग दोन्ही तळव्यांवर झटकत फिरवतो. लाकडाच्या भट्टीत, साधारण ४८० अंश सेल्सिअसवर, दीड मिनिटाच्या आत काम तमाम. काठ फुगतो, त्यावर काळे डाग पडतात, आणि मध्यभाग इतका ओला की पहिला घास हमखास शर्टावर. या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. १९८४ पासून इथे एक संघटनाही आहे. पीठ कसं मळायचं, काठ किती जाड हवा, सगळ्याचे नियम! सोवळं आपल्यापेक्षा कडक.

पण रस्त्यावर अजून चार घड्या घालून कागदात देतात, उभ्या-उभ्या खायला. मला तोच आवडतो.

तुला हौसच असेल तर घरी करून बघ. आपले ओव्हन सहसा २५० अंशांच्या पुढे जात नाहीत, म्हणून जाड लोखंडी तवा (लाकडी मुठीचा नको) आत उलटा ठेवून अर्धा-पाऊण तास तापव आणि पिझ्झा त्यावर सरकव. टोमॅटो शिजवू नकोस, नुसता कुस्करून मीठ घाल. मोझरेलाचं पाणी आधी निथळून घे. आणि लेकीला मका घालायचा असेल तर घालू दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप