पुस्तकाची कड बघायला शिकवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, अप्पा बळवंत चौकाजवळ तुमच्या जुन्या पुस्तकांपाशी एक मुलगी सहाशे पानी ठोकळा घेऊन आली होती आणि तो बदलून द्या म्हणून हुज्जत घालत होती. ती मी. पुस्तक तुमच्याकडचं नव्हतंच, एका प्रदर्शनात किलोवर घेतलेलं. तुम्ही हाकलून दिलं असतंत तरी चाललं असतं.

मी बी.कॉम., दिवसभर एक्सेलमध्ये डोकं, आणि पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकायचं खूळ डोक्यात बसलेलं. सातला दोनने भागलं की पुस्तक म्हणे ३, माझा लॅपटॉप म्हणे ३.५. आता यात खरं तर लॅपटॉपचंच बरोबर! पण छापलेलं चुकेल कसं, म्हणून मी तीन संध्याकाळी माझीच चूक शोधत बसले. पुढचा प्रोग्रॅम तर चालेचना. आपल्याला हे जमायचं नाही, असं जवळजवळ ठरलंच होतं.

तुम्ही पुस्तक हातात घेतलंत आणि थेट शीर्षकामागचं पान उघडलंत. साल २००७. "इन्कम टॅक्सचं बारा वर्षांपूर्वीचं पुस्तक घ्याल का, ताई? मला यातलं ओ का ठो कळत नाही, पण सन कळतो."

झालं होतं ते असं, हे मला नंतर कळलं. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं आणि त्यात भागाकारापासून पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या प्रिंट या आज्ञेच्या कंसापर्यंत बऱ्याच गोष्टी बदलल्या. पुस्तक जुन्या पायथनचं, लॅपटॉपवर नवं. चूक माझी नव्हतीच. ठोकळ्याचे तुम्ही वीस रुपये दिलेत, रद्दीच्या भावाने, तेव्हा रागच आला होता.

मग तुम्ही पायथनचीच तीन पुस्तकं काढून आडवी धरलीत. पानं नाही, कड दाखवलीत. दोघांची कड सुरुवातीला बोटभर मळकी, पुढे पांढरीशुभ्र. "इथवर येऊन सोडलं बघा लोकांनी." तिसऱ्याचं कव्हर फाटलेलं, पण कड या टोकापासून त्या टोकापर्यंत काळपट, आणि सालही अलीकडचं. एकशेवीस रुपयांना दिलंत. आत प्रत्येक धड्याशेवटी गणितं होती, त्यांच्या शेजारी आधीच्या मालकाने पेन्सिलीने केलेली खाडाखोड. एका ठिकाणी नुसतंच "हुश्श!" लिहिलेलं. त्या हुश्शने मला जेवढा धीर दिला तेवढा कुठल्याही प्रस्तावनेने दिला नाही.

एक तक्रार मात्र आहे. दोन वर्षांनी ऑफिसात सी ही प्रोग्रॅमची आणखी एक, जुनी भाषा शिकायची वेळ आली. तुमच्या नियमाने मी कर्निगन आणि रिची यांचं सीवरचं पुस्तक साल बघून बाजूला ठेवलं, दुसरी आवृत्ती, १९८८! आमच्या साहेबांनी ते परत हातात दिलं. सी त्या मानाने फार बदललेली नाही, आणि यातले रिची म्हणजे ती भाषा घडवणारेच. पावणेतीनशे पानंही नाहीत. अगदी नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, पण एक भाषा येत असेल तर त्यासारखं दुसरं नाही. म्हणजे तुमचा सालाचा नियम भाषा बघून लावायचा. कडेचा नियम मात्र तिथेही खरा ठरला: ऑफिसातली ती प्रत पार काळीकुट्ट होती.

काका, ते एकशेवीस रुपयांचं पुस्तक पुढच्या शनिवारी परत आणतेय. पैसे नकोत. आता न चालणारी दोन उदाहरणं पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत. मधल्या धड्यावरचा चहाचा डाग माझा. कड आणखी थोडी मळली आहे, कुणी हुज्जत घालायला आलं तर दाखवा.

तुमची,
ठोकळेवाली ताई