गार्डला नस दिसत नाही: नखं कापायच्या क्लिपरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: कुत्र्या-मांजरांच्या नखांसाठीच्या 'सुरक्षा गार्ड' क्लिपरबद्दल तक्रार

संदर्भ: माझा आधीचा ईमेल आणि त्याला आलेलं तुमचं तीन ओळींचं उत्तर

महोदय,

तुमचा क्लिपर मी गेल्या महिन्यात मागवला. खोक्यावर नखाएवढ्या नव्हे, चांगल्या बोटभर अक्षरांत छापलंय: 'सुरक्षा गार्डमुळे नस कधीच कापली जाणार नाही.' त्या वाक्यावर भरवसा ठेवून मी तो घेतला आणि त्याच भरवशापायी माझ्या कुत्र्याच्या पायातून रक्त आलं. याबद्दल ईमेल केला होता. तुमचं उत्तर वाचून तो कोणी शेवटपर्यंत वाचला असेल असं वाटत नाही, म्हणून आता नीट बसून लिहितेय.

आमचा बंड्या सहा वर्षांचा आहे. अंगाने काळा आणि नखंही काळी कुळकुळीत. ज्यांच्याकडे पांढऱ्या नखांचं कुत्रं आहे त्यांना हे दुखणं कळायचं नाही. पांढरं नख उजेडात धरलं की आतली गुलाबी नस सरळ दिसते, तिच्या थोडं अलीकडे थांबायचं, झालं. काळ्या नखात काहीच दिसत नाही. तिथे एकच रीत: कागदाएवढी पातळ चकती कापायची, कापलेला भाग बघायचा, पुन्हा एक चकती. आधी कोरडा, भुरकट, खडूसारखा भाग लागतो. मग मधोमध एक गडद, किंचित ओलसर ठिपका उमटतो. ठिपका दिसला की हात आवरायचा, कारण त्याच्या मागेच जिवंत भाग आहे. माझी आजी त्याला जिव्हाळी म्हणायची. त्यात रक्तवाहिनीही असते आणि मज्जातंतूही, म्हणून तिथे लागलं की रक्त येतं आणि कळही जाते.

बंड्याला नखं कापून घ्यायची सवय लावायला मला जवळजवळ वर्ष लागलं होतं. पहिले कित्येक दिवस फक्त पंजा हातात घ्यायचा आणि सोडायचा. मग एकेक बोट हळूच दाबायचं. मग जुना क्लिपर नुसता शेजारी ठेवायचा, त्याला हुंगू द्यायचा. मग हवेतच 'कट् कट्' वाजवायचा आणि खाऊ द्यायचा. पहिलं नख कापलं त्या दिवशी एकच कापलं, दुसऱ्या नखाचा मोह टाळला. अशा मुंगीच्या पावलांनी आम्ही इथवर आलो होतो की मी खाली बसले की बंड्या आपणहून आडवा व्हायचा आणि पंजा माझ्या मांडीवर टाकायचा.

जुन्या क्लिपरची धार गेली होती. बोथट पातं नख कापत नाही, चेचतं, आणि तो दाब कुत्र्याला आवडत नाही. म्हणून नवा घ्यायचं ठरवलं. गार्डची मला खरं तर गरज नव्हती, पण म्हटलं, असलेलं बरं. तिथेच चुकलं.

सकाळची वेळ होती, खिडकीजवळ भरपूर उजेड होता. मुलगा बंड्याच्या डोक्यापाशी बसून कानामागे खाजवत होता. तुमच्या माहितीपुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पहिल्या नखाचं टोक गार्डच्या पट्टीला टेकवलं आणि दांडे दाबले. ठीक. दुसरं नखही ठीक, फक्त तुकडा माझ्या सवयीपेक्षा मोठा पडला. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती, पण 'कधीच' हा शब्द छापलेला होता ना! तिसऱ्या नखाला आवाज वेगळा आला. 'कट्' नाही, काहीतरी ओलं तुटल्यासारखा. बंड्या केकाटला नाही. त्याने पंजा ओढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मग फरशीवर एक थेंब पडला, गोल, त्याच्या शेजारी दुसरा, आणि तो उठून चालायला लागला तसा स्वयंपाकघरापर्यंत माग उमटत गेला.

नखाचं रक्त दिसायला फार दिसतं. एरवी धडधाकट कुत्र्याच्या जिवावर बेतत नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून माझं डोकं ठिकाणावर राहिलं. मुलगा मात्र पांढराफटक पडला. तुमच्या खोक्यात रक्त थांबवायच्या पावडरीची पुडी होती. ती फोडली तर आत पावडर नव्हे, खडा! ओल लागून दगड झालेला. पुडीवर ना बनवल्याची तारीख, ना मुदत संपल्याची. शेवटी स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोर चिमटीत घेऊन नखाच्या टोकावर दाबून धरलं. बघायला हात काढायचा नाही, हे कटाक्षाने पाळलं, तेव्हा कुठे काही मिनिटांनी थांबलं. तासाभराने बंड्या दारावरची घंटा ऐकून धावला आणि ते पुन्हा फुटलं. मग डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नख स्वच्छ केलं, पट्टी बांधली आणि ती जागा चाटू देऊ नका, चिखलात-घाणीत पाय पडू देऊ नका, असं बजावलं.

आता मुद्द्याचं. तुमचा गार्ड म्हणजे पात्यांच्या मागे स्क्रूने बसवलेली धातूची पट्टी. तिच्यात आणि पात्यांत जेवढं अंतर तेवढंच नख आत जातं. मी मोजपट्टीने मोजलं, ते पाच मिलिमीटर भरलं. म्हणजे तुमचा गार्ड टोकाकडून मोजतो. नस मुळाकडून येते. या दोघांची गाठ कुठे पडणार हे गार्डला कसं कळावं? कुत्र्यागणिक ते वेगळं, एकाच पंजाच्या दोन नखांत वेगळं, आणि मागच्या खेपेला कधी कापली होती त्यावरही अवलंबून. बंड्याची नखं मी दहा दिवसांपूर्वीच कापली होती. त्याच्या टोकाला पाच मिलिमीटर निर्जीव नख उरलेलंच नव्हतं. गार्डने आपलं काम चोख केलं आणि पाच मिलिमीटर कापू दिलं.

कोणी म्हणेल, वाढलेल्या नखांना तरी हा गार्ड उपयोगी पडेल. तिथेही खात्री नाही. नखं फार दिवस कापली नाहीत तर आतली जिव्हाळीही त्यांच्याबरोबर पुढे सरकते. अशा कुत्र्याचं नख लांबलचक दिसतं, फरशीवर टकटक वाजतं, बोटं वर उचलली जाऊन चालही बिघडते, पण कापण्याजोगा भाग थोडाच असतो. तिथे दर आठवड्याला जरा जरा कापत गेलं की जिव्हाळी हळूहळू मागे हटते. घाईचं काम नाही. आणि तुमची पुस्तिका काय सांगते? 'जास्त वाढलेली नखं गार्डच्या मदतीने एकाच बैठकीत योग्य लांबीवर आणा.' हे वाक्य लिहिणाऱ्याने कुत्र्याचा पंजा कधी हातात घेतला होता का, हा मला खरोखर पडलेला प्रश्न आहे.

शिवाय तो स्क्रूच ढिला आहे. चौथ्या दाबाला पट्टी हलायला लागली. आता बोटाने ढकलली की ती बाजूला फिरते आणि पाचाचे सात मिलिमीटर होतात.

पुस्तिकेबद्दल आणखी थोडं, कारण माझ्या मते क्लिपरपेक्षा तीच जास्त घातक आहे. कुत्र्याच्या पुढच्या पायाला आतल्या बाजूने, जरा वर, अंगठ्यासारखं एक नख असतं. ते जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजत नाही, आणि दुर्लक्ष झालं तर गोल वळून मांसात घुसतं. नख कापणाऱ्याने सगळ्यात आधी बघायचं ते हे नख. तुमच्या सोळा पानांत त्याचा उल्लेख नाही आणि चित्रातल्या कुत्र्याला ते नखच नाही.

मांजरांचं पान तर विचारू नका. 'मांजरीची वीसही नखं महिन्यातून एकदा गार्ड लावून कापा.' मांजरीला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार बोटं असतात, एकूण नखं अठरा. एखादीला जन्मतः जास्त बोटं असतात, पण तुम्ही पुस्तिका त्या एखादीसाठी लिहिली नसावी. बरं, मोजणीतली चूक सोडून देऊ. पाच मिलिमीटरच्या गार्डने मांजरीचं नख कापायचं म्हणजे जिव्हाळीत हात घालण्यासारखंच आहे. तिचं नख एरवी आत ओढलेलं असतं, बोट वरून आणि खालून हलकेच दाबलं की बाहेर येतं, आणि कापायचा तो फक्त पुढचा आकड्यासारखा पारदर्शक शेंडा. आमच्या चिमीच्या बाबतीत तो जेमतेम दोन मिलिमीटर निघतो. बंड्याचा प्रकार आधी झाला म्हणून चिमी वाचली. तुमचा क्लिपर तिच्या पंजाला मी लावलेलाच नाही. तिचं काम मी लहान कात्रीसारख्या कटरनेच करते, ती पेंगुळलेली असताना, एका वेळी तीन-चार नखं. ओरखडायच्या खांबाशी नखाची टरफलं पडलेली दिसतात ती वरची जुनी साल असते, त्याने नखाला टोक येतं, लांबी आटोक्यात राहतेच असं नाही. म्हाताऱ्या मांजरी ओरखडणं कमी करतात आणि त्यांची नखं जाड होऊन गादीत रुतू शकतात. छापायचं तर हे छापा.

आता तुमचं उत्तर. पहिल्या ओळीत खेद. दुसऱ्या ओळीत 'पाळीव प्राणी अस्थिर असल्यास असे होऊ शकते.' तिसऱ्या ओळीत घटनेचा व्हिडिओ पाठवण्याची विनंती. नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. कापता येईना, कुत्रं अस्थिर, हे नवीन. बंड्या हलला नव्हता, हे मी ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. आणि व्हिडिओबद्दल म्हणाल तर एका हातात पंजा, दुसऱ्या हातात तुमची दगड झालेली पुडी. तिसरा हात मला नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्याच पुस्तिकेने कबूल केली आहे. शेवटच्या पानावर, भिंगातून वाचावं अशा अक्षरांत लिहिलंय: 'नस कापली गेल्यास सोबतची पावडर लावावी.' खोक्यावर 'कधीच नाही' आणि आत 'गेल्यास'. यातलं खरं कोणतं, हे विकणाऱ्याला माहीत होतं आणि घेणाऱ्याला नव्हतं.

मला क्लिपरची पूर्ण किंमत आणि डॉक्टरांच्या तपासणीचा खर्च परत हवा आहे, पावती सोबत जोडली आहे. 'बदलून दुसरा देतो' हे उत्तर चालणार नाही, दुसऱ्याचा गार्डही टोकाकडूनच मोजणार. पण पैशांपेक्षा मला खोक्यावरचं ते वाक्य हटलेलं हवं आहे. त्याऐवजी एवढंच लिहा: गार्ड हा फक्त जास्तीत जास्त किती नख आत जाईल हे ठरवतो, नस कुठे आहे ते तुम्हालाच बघावं लागेल. पुस्तिका एखाद्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, पुडीवर मुदत छापा, आणि ज्यांनी हा क्लिपर आधीच घेतलाय त्यांना स्क्रूबद्दल कळवा. माझ्यासारखी जुनी सवय असलेली बाई फसली, तर पहिल्यांदाच कुत्रं पाळणारा माणूस त्या 'कधीच'वर डोळे मिटून विसंबणार.

बंड्याचं नख भरून आलंय. पण आता मी खाली बसले की तो उठून पलंगाखाली जातो, आणि चमच्यांचा 'कट्' आवाज झाला तरी कान मागे पाडतो. परवापासून आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर आहोत: पंजा हातात घ्यायचा, सोडायचा, खाऊ द्यायचा. काल त्याने दोनदा पंजा दिला, तिसऱ्यांदा नाही. ही भरपाई तुमच्याकडे मागता येत नाही, म्हणून मागत नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं, आणि त्याखाली माणसाचं नाव असावं, 'टीम' नको.

आपली,
एक ग्राहक

सोबत: खरेदीची पावती, डॉक्टरांची पावती, कापलेल्या नखाचे आणि ढिल्या स्क्रूचे फोटो, खडा झालेली पुडी (बंद पिशवीत)

ता. क. क्लिपर मी धुतलेला नाही, जसा होता तसा ठेवलाय. तपासायला हवा असेल तर माणूस पाठवा आणि पोच द्या. कुरिअरने पाठवणार नाही, वाटेत कोणीतरी तो स्क्रू घट्ट करायचा.