प्रकल्प लिहायचा कसा हे पोरांना शिकवा : शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, सादर नमस्कार.

मी ज्युनियर कॉलेजात शिकवते. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय सगळ्यांना कंपल्सरी आहे आणि त्यात प्रकल्प करावाच लागतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आजूबाजूचा एक प्रश्न घ्यायचा, माहिती गोळा करायची आणि लिहून काढायची, कल्पना खरंच फार चांगली आहे. पण ते लिहायचं कसं हे बऱ्याच ठिकाणी कोणी शिकवतच नाही. मग झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, पीडीएफ ग्रुपवर फिरते, पोरं रात्र जागून ती उतरवतात, प्रस्तावना, उद्दिष्टं, कार्यपद्धती, निरीक्षणं, विश्लेषण, निष्कर्ष सगळी हेडिंगं जागच्या जागी आणि आत त्या मुलाचं स्वतःचं एक वाक्य नसतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पोरं आळशी नाहीयेत, त्यांना सुरुवात कुठून करायची तेच माहीत नसतं.

सगळं अडतं प्रश्नावर. ‘जलप्रदूषण’ हा प्रश्न नाही, नुसता विषय आहे. ‘आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मार्च ते मे किती खाली जातं आणि तेव्हा घरोघरी पाणी कुठून येतं’ हा प्रश्न. एवढं नेमकं ठरलं की पुढचं बरंचसं आपोआप लागतं बघा, कार्यपद्धतीत किती घरांना विचारलं, पातळी कशाने आणि कोणत्या दिवशी मोजली ते लिहायचं, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरं पोरगं तेच परत मोजू शकेल. पाणी दोन फूट उतरलं हे निरीक्षण, का उतरलं हे विश्लेषण, आणि या दोन गोष्टी मुलं हमखास एकत्र कालवतात. प्रस्तावना शेवटी परत लिहायची असते, हे तर त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

संदर्भांचं तसंच. खाली ‘गुगल’ एवढंच लिहिलेलं असतं. अहो, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत, ग्रामपंचायतीत नोंदी असतात, गावातल्या म्हाताऱ्या माणसाची मुलाखतसुद्धा संदर्भच आहे, फक्त कोणाशी, कुठे, कधी बोललो ते लिहायला हवं. टाइप करणाऱ्यांना युनिकोड शिकवा, जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. तक्त्याला नंबर, पानाला नंबर, हेडिंगला वर्डची स्टाईल म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते, हे एका तासाचं काम आहे.

आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या, अकरावी-बारावीच्या डिप्लोमाला मुलं जास्तीत जास्त ४००० शब्दांचा एक्स्टेंडेड एसे, म्हणजे एका प्रश्नावरचा मोठा शोधनिबंध, लिहितात, पण त्यांचा गाईड त्यांच्यासोबत तीन ठरलेल्या बैठका घेतो आणि शेवटची तर तोंडी मुलाखतच असते. आमची पोरं हुशारीत कमी नाहीत, त्यांना ती बैठक मिळत नाही एवढंच.

म्हणून मागणं एवढंच आहे. पहिल्या सत्रात लेखनासाठी थोडे तास राखून द्या, त्यात निम्मा वेळ फक्त प्रश्न बनवण्यावर जाऊ दे. बालभारतीकडून मराठीत दोन-तीन पूर्ण नमुने काढा, शेजारी शिक्षकांचे शेरे असलेले. कच्चा मसुदा दिवाळीआधी बघणं सक्तीचं करा, आणि मार्क देताना सजावटीच्या बॉर्डरऐवजी मुलाला पाच मिनिटं समोर बसवून विचारू द्या, हे तू कसं मोजलंस.

आपली,
एक शिक्षिका