वजीर नव्हे, हत्ती!

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बुद्धिबळाचं कोडं येतं, त्याबद्दल लिहितोय. गेल्या रविवारी पटावर चारच मोहरे होते. (घरांची नावं अशी: उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८.) पांढऱ्याचा राजा बी६वर, प्यादं सी६वर. काळ्याचा राजा ए१च्या कोपऱ्यात, हत्ती डी५वर. पांढऱ्यानं खेळून जिंकायचं. खाली उलट्या अक्षरांत उत्तर छापलं होतं, त्यात सहाव्या खेळीला प्यादं सी८वर पोचून वजीर होतं आणि पांढरा जिंकतो. हे उत्तर चुकलंय. वजीर केला की डाव बरोबरीत सुटतो.

मी कुणी मोठा खेळाडू नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं चादरींची डिझाईनं ग्राफवर काढली. त्या कामात एक चौकोन चुकला तर ती चूक अख्ख्या चादरीवर पुन्हा पुन्हा उमटते, आणि मालक कापड उलगडून तेवढंच बोट ठेवून दाखवतो. चौकोन मोजायची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

कोडं सोडवताना मी उत्तराचा भाग आत दुमडून ठेवतो. पहिली खेळी सोपी होती, प्यादं सी७. काळा हत्तीनं डी६वरून शह देतो, आणि इथं मी दोन दिवस अडकलो. राजा कुठं न्यायचा? सी५वर न्यायचा मोह होतो, कारण तो थेट हत्तीच्या अंगावर जातो. पण हत्ती तळाला डी१वर पळतो. प्याद्याचा वजीर झाला रे झाला, की सी१वरून राजाला शह, आणि राजा बाजूला झाला की मागचा वजीर गेला. बी७वर गेलो तर हत्ती डी७वर येऊन प्यादं जागेवरच खिळवतो, मग ते मारतो; आपण हत्ती मारला तरी पटावर दोन नागडे राजे उरतात.

सोमवारी संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसलो होतो, कात्रण खिशात. तिथं सुचलं की राजाला जिना उतरवायचा. बी५, हत्तीचा डी५वरून शह. बी४, पुन्हा डी४वरून शह. बी३, डी३वरून शह. आणि आता सी२. हत्तीला शह द्यायला घर उरलं नाही. डी१ किंवा डी२वर आला तर राजाच त्याला मारतो. झालं, असं म्हणून मी उठलोसुद्धा. घरी येऊन पट मांडला आणि दिसलं की काळ्याची खरी खेळी अजून बाकीच आहे. हत्ती डी४!

आता वजीर करून बघा. काळा हत्ती सी४वर टाकून शह देतो. हत्ती मारला नाही तर वजीर जातो. वजिरानं मारला, तर कोपऱ्यातल्या काळ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. तुमचं उत्तर नेमकं याच्या एक पाऊल आधी थांबलंय.

रात्री साडेअकराला माझ्या डोक्यात आलं, वजीरच कशाला? हत्ती करायचा. आता काळ्यानं सी४वर हत्ती टाकला तर आपला हत्ती तो मारतो, पण काळ्या राजाला ए२ मोकळं राहतं, कोंडी होत नाही. शिवाय ए८वरून मात द्यायची धमकी आहे, म्हणून काळ्याला हत्ती ए४वर आणावाच लागतो. मग राजा बी३! एकाच पावलात काळ्या हत्तीवर मारा आणि सी१वर मात. दोन्ही वाचवायला काळ्याकडे खेळी नाही.

आमच्या आजोबांचा देशी डाव असता तर हे कोडं उभंच राहिलं नसतं. त्यांच्या नियमानं प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरचा मोहरा व्हायचा, आणि सी८ हे उंटाचं घर. उंट घेऊन कोण जिंकणार! ते असो.

मंगळवारी सकाळी नातवानं कागद उलगडला, उलटा धरला आणि म्हणाला, "ताता, तुमचं चुकलं. इथं वजीर लिहिलंय." छापलेलं म्हटल्यावर मीही चरकलो. पुन्हा पट मांडला, पुन्हा एकेक घर मोजलं. हत्तीच. शेवटी त्यानं मोबाईलवर मोहरे मांडले आणि मोबाईलनं क्षणात हत्ती दाखवला. माझे अडीच दिवस आणि त्याचा एक क्षण, पण पोरगं गप्प झालं हे खरं.

नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या साखर पेठेतली पोरंही पट घेऊन बसायला लागलीत. नातवाच्या शिकवणीतल्या सरांना हे दाखवलं तर ते हसले. म्हणाले, ही सावेद्राची स्थिती. १८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकातल्या बुद्धिबळाच्या रकान्यात बार्बिये यांनी ती काळ्याची बरोबरी म्हणून छापली होती, याच स्टेलमेटच्या आधारावर. तिथं राहणाऱ्या फर्नांडो सावेद्रा नावाच्या स्पॅनिश पाद्र्यानं हत्ती करायची खेळी दाखवली आणि बरोबरी मोडली. तो पाद्री काही नामवंत खेळाडू नव्हता. आज त्याचं नाव राहिलंय ते त्या एका खेळीमुळं.

म्हणजे बार्बिये यांना निदान स्टेलमेट दिसला होता. तुमच्या उत्तर लिहिणाऱ्याला तोही दिसला नाही. रागावू नका, पण लिहावंसं वाटलं.

दोन विनंत्या आहेत. उत्तर त्याच पानावर उलटं छापू नका, पुढच्या रविवारी छापा. कागद फिरवायला पोरांना कष्ट पडत नाहीत. आणि उत्तराखाली चार ओळी वाचकांसाठी ठेवा. कुणाला वेगळी वाट सापडली, कुणाला चूक सापडली, ते तिथं येऊ द्या. जागा नसेल तर राशिभविष्यातून घ्या, आमच्या घरात तक्रार होईल ती मी निस्तरीन.

या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर हत्ती हा शब्द सुलट्या अक्षरांत छापा. नातवाला वाचून दाखवायचाय.

आपला,
एक निवृत्त चादर डिझायनर
साखर पेठ, सोलापूर