पत्ता बघा की

सांगली, रविवार

प्रिय संज्या,

अमेरिकेतनं आलेल्या तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजांना नुसता अंगठा पाठवून गप्प बसलो म्हणून शिव्या देत असशील. दे मर्दा. तब्येत ठीक, शुगर थोडी वर, आईचे गुडघे तसेच. हे फोनवर बोलता आलं नसतं म्हणून लिहितोय.

परवा आमच्या पतसंस्थेत कर्ज समिती बसली. तुमच्या वस्तीतल्या भंगारवाल्या तात्यांच्या नातवाचा अर्ज होता. मार्केट यार्डात हळदीची पोती वाहायला जुना छोटा हत्ती टेम्पो घ्यायचाय त्याला. रोजच्या बचतीची पिग्मी कधी चुकवली नाही पोरानं. एक संचालक फाइल न उघडताच म्हणाले, "पत्ता बघा की." विषय संपला. शेरा काय पडला? 'तारण अपुरे, जामीनदार असमाधानकारक.' तुझ्या दादांच्या शिलाई मशीनच्या अर्जावरचा शेरा तुला पाठ आहे, तेव्हा पुढचं सांगत बसत नाही.

खुपतंय ते असं, की शेरा खोटा नाही रे. घराला प्रॉपर्टी कार्ड नाही, कारण वस्तीच सरकारी जागेवर. जामीनदार शेजारचेच, त्यांच्याकडे तरी काय असणार? २०१९ च्या पुरात गाडे, मशिनी सगळं कृष्णामाईनं नेलं, हप्ते थकले, ती थकबाकी अजून कागदावर आहे. खोलीत जातीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. काढायची गरजच उरलेली नाही.

विलिंग्डन कॉलेजच्या कँटीनमध्ये मी म्हणायचो, खिशात पैसा आला की जात कोण विचारतो? तू कप आपटायचास, "पण खिशात येऊ देतात का?" (फुटलेल्या कपाचे पैसे मी भरले होते. व्याजासकट येणं आहे.) आणि बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि तिथल्या काळ्यांची परिस्थिती किती सारखी आहे ते सांगितलं होतं, हा हुकमाचा पत्ता तू दर भांडणात टाकायचास.

तू पाठवलेला तिकडच्या बाल्टिमोर शहराचा जुना नकाशा त्या रात्री पुन्हा उघडला. १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशननं, म्हणजे सरकारनंच, शहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांची वस्ती लाल, म्हणजे कर्ज द्यायला धोक्याची. १९३४ पासून फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन हे दुसरं सरकारी खातं गोऱ्यांच्या नव्या उपनगरांतल्या घरकर्जाला हमी द्यायचं, लाल भागाला हात आखडता. १९६८ च्या कायद्यानं घरांच्या बाबतीतला भेदभाव बंद केला. पण तोवर गोऱ्याच्या नावावर घर झालेलं, त्याची किंमत वाढलेली, त्यावर पोरं शिकलेली. फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, २०२२ च्या पाहणीत बरोबर मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची कर्ज वजा जाता मालमत्ता २,८५,००० डॉलर, तशाच काळ्या कुटुंबाची ४४,९००. आता कॉम्प्युटरनं कातडीचा रंग विचारला नाही, नुसतं तारण विचारलं, तरी उत्तर फारसं वेगळं यायचं नाही. मी वंशद्वेष म्हटलं की डोक्यात शिव्या आणि मारहाण आणायचो. हे तर आमच्यासारख्या चष्मेवाल्या कारकुनांनी गोड आवाजात करायचं काम आहे.

पण जिंकलास म्हणून नाचू नकोस. कोरडवाहू भागातला मराठा गडी आला तरी आमची समिती त्याला हेलपाटे घालायला लावतेच. पैसा नसण्याचा स्वतःचा एक वेगळा मार आहे, हे मी अजून सोडत नाही. फरक एवढाच, की त्याला कुठून तरी मामाचा सातबारा मिळतो आणि त्याचा पत्ता ऐकून कुणी फाइल मिटत नाही.

वहिनींच्या नोकरीबद्दल अभिनंदन. चिऊला होस्टेलवर जेवण नीट मिळतं ना? भडंग पाठवतो, कस्टमवाले खाणार नसतील तर.

आता काम. वस्तीतनं रोज पिग्मी गोळा होते आणि कर्ज जातं विश्रामबागेसारख्या पैसेवाल्या भागात. तुमच्याकडे १९७५ च्या कायद्यानं बँकांना घरकर्जं कुठल्या भागात दिली ते जाहीर करावं लागतं आणि १९७७ च्या कायद्यानं ठेवी घेतात तिथल्या कर्जाच्या गरजा भागवाव्या लागतात, असं तूच सांगितलं होतंस. तो भागवार तक्ता कसा असतो, एक नमुना पाठव. आमच्या पिग्मीचा आणि कर्जवाटपाचा तसाच तक्ता करून पुढच्या बैठकीत ठेवायचाय. मॅनेजरला अजून बोललो नाही. इंग्रजी सोपं असेल तेवढं बघ, आणि या वेळी फोटो वाकडा काढू नकोस.

तुझा,
दिल्या