मूळ कागद दाखवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,

सादर नमस्कार.

तुम्ही मुलाकडं पुण्याला गेलात त्याला आता दोन महिने होतील. खालच्या दाराला कुलूप दिसलं की अजून जिन्यात पाय थबकतो. निघायच्या दिवशी सामानाच्या गडबडीत बोलायचं राहून गेलं, आणि फोनवर तुम्ही 'त्यात काय एवढं' म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. माझ्या धर्माचे कागद कसे वाचायचे हे मला एका माळकऱ्यानं शिकवलं, हे आमच्या चर्चमधल्या माणसांनाही कळू दे आणि आपल्या गल्लीतल्यांनाही.

मे २०२१. पप्पा मिरजेत अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. बाराव्या दिवशी पहाटे फोन आला. आई आणि मी दोघीही पॉझिटिव्ह, घरात कोंडलेल्या. मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना नाही, शवपेटी नाही, आजीच्या थडग्याशेजारी पप्पांनी स्वतः दाखवून ठेवलेली जागा नाही. परस्पर अग्नी दिला गेला. अस्थी आणायला जायला माणूस नव्हता. तुम्ही गेलात. सत्तरी ओलांडलेली, तोंडावर दोन मास्क, स्कूटरवर एकटे. परत आल्यावर फाटकातूनच मला हाक मारलीत. वरच्या खिडकीतून मला दिसलं ते एक लहान मडकं. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, आणि फडक्यावर पेनानं पप्पांचं नाव. शाई थोडी फुटली होती.

"आमच्यात अस्थी घरात आणत नाहीत. तुमच्यात काय करतात ते मला ठाऊक नाही," असं म्हणालात आणि मागच्या आंब्याच्या फांदीला ते मडकं बांधून ठेवलंत. कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागणार नाही एवढ्या उंचीवर. दोरीची गाठ तुम्ही दोनदा ओढून बघितलीत, ते मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी एका जवळच्या बाईंचा फोन आला. "जाळलंत? चर्चला चालत नाही ते. शेवटच्या दिवशी उठणार कसे ते?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं, त्याही रडत होत्या. पण आईनं ते ऐकलं आणि जेवण सोडलं. संध्याकाळी दुसऱ्या एका नात्यातून मेसेज आला, की आता सगळं चालतं, अस्थी कृष्णेत सोडून मोकळे व्हा. रात्री आई अंधारात विचारायची, "देव यांना उठवील ना गं?" दर रविवारी विश्वासांगीकारात, म्हणजे आपली श्रद्धा बोलून दाखवायच्या प्रार्थनेत, 'शरीराचे पुनरुत्थान' हे शब्द मी लहानपणापासून म्हणत आले. त्या रात्री आईला द्यायला माझ्याकडं त्यातलं काहीच नव्हतं.

हे सगळं मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तुम्हाला सांगितलं. तुम्ही खाली खुर्ची टाकून बसला होता. शेवटपर्यंत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "कोण काय म्हणतंय ते सोड पोरी. कागद कुठाय?"

मला राग आला होता, काका. बाप गेलाय आणि हे कागद मागतायत. पण तुमचं सगळं आयुष्य जिल्हाधिकारी कार्यालयात फायलींवर टिपणी लिहिण्यात गेलेलं. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "माणसं ऐकीव सांगतात, त्यात लबाडी नसते. जुना नियम डोक्यात पक्का बसलेला असतो. मूळ कागद काढ. तारीख बघ, सही कुणाची ते बघ, आणि त्याच्यानंतर दुसरा निघालाय का ते बघ."

कागद घरातच होता. कॅथलिक चर्चचा कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, पप्पांनीच आणलेला, इंग्रजी, काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं उभा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली तो जाहीर केला. त्यात एकापाठोपाठ एक २८६५ क्रमांकित परिच्छेद आहेत. क्रमांक बघून तुमचा चेहरा खुलला. "वाचणाऱ्याची सोय केलीय यांनी," म्हणालात. सूचीतून २३०१ हा परिच्छेद सापडला. शवविच्छेदन आणि अवयवदान यांच्याच जोडीला दहनाबद्दल एक वाक्य: शरीराच्या पुनरुत्थानावरचा विश्वास नाकारण्यासाठी केलेलं नसेल, तर चर्च दहनाला परवानगी देतं. मला तेवढ्यानं रडू फुटलं. तुम्ही मात्र पानाच्या तळाशी बोट ठेवलंत. तिथं बारीक अक्षरात चर्चच्या कायदासंहितेचा संदर्भ होता, कलम ११७६. "एका वाक्यावर थांबायचं नाही. खाली संदर्भ दिलाय म्हणजे तो काढून वाचायचा."

व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर संहिता सापडली, १९८३ ची. कलम ११७६ सांगतं, की दफनाची परंपरा पाळावी अशी चर्चची कळकळीची शिफारस आहे, पण दहनाला बंदी नाही. मग २०१६ सालचं एक निर्देशपत्र सापडलं. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ 'ख्रिस्ताबरोबर उठण्यासाठी'. मजकुराचे पहिले शब्द हेच त्याचं नाव, हे मी सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "आमचे अभंगसुद्धा पहिल्या शब्दांवरूनच ओळखतात." आठ परिच्छेदांचा छोटासा मजकूर. तुम्ही तो शासन निर्णयासारखा वाचलात. शासन निर्णयाच्या डोक्यावर 'वाचा' म्हणून आधीचे संदर्भ असतात, तसा इथं सुरुवातीलाच, दहनावरची बंदी उठवणाऱ्या ५ जुलै १९६३ च्या जुन्या निर्देशाचा उल्लेख होता. त्यावरून मागं मागं जात आपण १९१७ च्या जुन्या संहितेपर्यंत पोचलो. तिच्यात दहनाला खरोखरच बंदी होती, आणि ज्यानं तशी इच्छा लिहून ठेवली त्याला चर्चचा अंत्यविधीही नाकारलेला होता.

तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "म्हणजे त्या बाई खोटं बोलल्या नाहीत. त्यांच्याकडं अधिक्रमित झालेला कागद होता."

अधिक्रमित, म्हणजे नंतरच्या कागदानं मागं पडलेला. हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या माझ्यासारखीला हा शब्द तोवर माहीत नव्हता. त्या एका शब्दानं माझ्या मनातला त्या बाईंवरचा राग उतरला. पुढच्या आठवड्यात मी त्यांना फोन करून १९६३ ची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "माझ्या आजीनं मला तसंच शिकवलं होतं गं."

चौथा परिच्छेद तुम्ही मला मराठीत करून आईला वाचून दाखवायला लावलात. मी खोलीच्या दारातून वाचलं: मृतदेहाच्या दहनानं आत्म्याला काही होत नाही, आणि सर्वसमर्थ देवाला ते शरीर नव्या जीवनासाठी उठवायला त्यानं अडथळाही येत नाही. आईनं ते पुन्हा वाचायला सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं स्वतः म्हटलं. त्या रात्री तिनं अर्धी भाकरी खाल्ली.

पण त्याच परिच्छेदात आणखी एक वाक्य होतं. आरोग्याच्या, पैशाच्या किंवा सामाजिक कारणानं दहन निवडायचं झालं, तर ते मृत माणसानं सांगितलेल्या इच्छेविरुद्ध असू नये. पप्पांची इच्छा तर अख्ख्या घराला ठाऊक होती. मी ते वाक्य वगळून पुढं जायला निघाले, तेव्हा तुम्ही अडवलंत. "आपल्याला टोचतं म्हणून वाक्य गळत नाही. हे मला सुटणार नाही. तुमच्या फादरना विचार." मी विचारलं. फादर म्हणाले, ते वाक्य निवड करणाऱ्याशी बोलतंय, तुम्हाला कुणी निवड करू दिली होती? हे ऐकल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. ते वाक्य टाळून पुढं गेले असते, तर ते आजही आत कुठंतरी सलत राहिलं असतं.

आणि मग सातवा परिच्छेद. तुमचे आईवडील, काकू, सगळ्यांच्या अस्थी तुम्ही हरिपूरच्या संगमावर सोडलेल्या. कृष्णा आणि वारणा मिळतात ती जागा तुमच्यासाठी काय आहे, ते मला माहीत आहे. तो मेसेज आला तेव्हा मीही मनातून तयार झाले होते, काकांच्या ओळखीचे गुरुजी आहेत, होऊन जाईल. तुम्ही ओळीवर बोट फिरवत दोनदा वाचलंत. हवेत, जमिनीवर, पाण्यात, कशातच विखुरायच्या नाहीत. आधीच्या दोन परिच्छेदांप्रमाणे घरातही ठेवायच्या नाहीत, पवित्र जागीच ठेवायच्या. तुम्ही कागदाची घडी घातलीत. "कागद स्पष्ट आहे. मग आपण तसंच करायचं." 'आपण' म्हणालात, काका.

जूनमध्ये दफनभूमी उघडल्यावर तुम्हीच फांदीवरून मडकं उतरवलंत. आजीच्या शेजारी हातभर खड्डा. फादर, आई, मी, खड्डा खणणारा मुलगा आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेले तुम्ही. फादरांची प्रार्थना सुरू झाली तसे तुम्ही टोपी काढून उभे राहिलात.

तिथून पुढं आपला जो अभ्यास सुरू झाला, त्याचे आभार वेगळे. दिवसाला आठ परिच्छेद वाचले तर वर्षात ग्रंथ संपतो, हा हिशेब तुमचा. वर्षात संपला नाही, पावणेदोन वर्षं लागली, कारण तुम्ही एकही तळटीप सोडू दिली नाहीत. तांबडी-निळी पेन्सिल तुमचीच: जे कळलं त्याला निळी खूण, जे विचारायचं त्याला तांबडी. मी वहीत उतारे काढायची आणि तुम्ही समासात लिहायचात, 'मूळ संदर्भ पाहावा'. कशाचं वजन किती, याचा तक्ताही आपण केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या १९६२ ते १९६५ मधल्या सभेचे, सोळा दस्तऐवज, त्यातले 'संविधान' म्हणवले जाणारे चार सगळ्यांत वर. मग साऱ्या चर्चला लिहिलेली पोपची पत्रं, मग निर्देश, मग भाषणं. 'पोप म्हणाले' असा मेसेज आला, की तो परिषदेच्या दस्तऐवजातला आहे की विमानातल्या मुलाखतीतला, हे मी आता आधी शोधते. याच परिषदेच्या चर्चविषयक संविधानात २५ व्या परिच्छेदात आपल्याला हेच सापडलं होतं: पोपचं मन ओळखायचं ते दस्तऐवज कोणत्या प्रकारचा आहे, तीच शिकवण किती वेळा सांगितलीय आणि कोणत्या शब्दांत सांगितलीय यावरून. तुम्ही टेबलावर थाप मारलीत. "हेच मी नव्या कारकुनांना सांगायचो!"

एका ठिकाणी मात्र मी तुमच्याशी वाद घातला, आणि तुम्ही घालू दिलात. तुम्ही म्हणालात, नियम बदलतो तशी उद्या श्रद्धाही बदलेल. मी म्हटलं, नाही काका, १९१७ पासून २०१६ पर्यंत दहनाचा नियम बदलला, पण पुनरुत्थानाचा शब्द तसाच राहिला, उलट नियम बदलला तो त्या शब्दाला धक्का न लावता. मग आपण ईश्वरी प्रकटीकरणाविषयीचं संविधान काढलं. त्याचा दहावा परिच्छेद सांगतो, की शिकवण्याचा अधिकार देवाच्या शब्दाच्या वर नाही, तो त्या शब्दाचा सेवक आहे. तुम्ही ते निळ्यानं अधोरेखित केलंत, माझ्या बाजूनं. शासन निर्णयाचा दाखला इथवरच पोचतो, हे तुम्हीच म्हणालात.

२२६७ व्या परिच्छेदावरची चिठ्ठी अजून तशीच आहे. फाशीच्या शिक्षेबद्दलचा मजकूर ऑगस्ट २०१८ मध्ये बदलला, आणि पप्पांची प्रत त्याआधीची. तुम्ही नवा मजकूर मला सुवाच्य अक्षरात लिहायला लावलात, वर 'शुद्धिपत्रक' असं लिहून तारीख घातलीत आणि खळ लावून नेमक्या जागी डकवलंत, खालचा जुना मजकूर उचलून वाचता येईल असं फक्त वरच्या कडेनं.

इतर धर्मांविषयीची घोषणा आपण एका आषाढी एकादशीला वाचली. २८ ऑक्टोबर १९६५, अवघे पाच परिच्छेद. दुसऱ्यात हिंदू धर्माचं नाव येतं, आणि या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं वाक्य येतं. तुम्ही उपासाची भगर खात होता. ताटली बाजूला ठेवलीत, हात धुऊन आलात आणि म्हणालात, "पुन्हा वाच." मी वाचलं. त्याच परिच्छेदात पुढं ख्रिस्ताची घोषणा चर्चनं सतत केली पाहिजे असंही आहे, तेही मी वाचलं, कारण गाळायचं नाही हे तुमच्याकडूनच शिकले होते. तुम्ही मान डोलावलीत. "पूर्ण वाचलंस ते बरं केलंस."

आता रविवारी मिस्सा झाल्यावर चौघीजणी माझ्याकडं थांबतात. त्यातल्या एकीनं परवा विचारलं, अस्थींचा थोडा भाग वेगळा ठेवता येतो का. मी लगेच उत्तर दिलं नाही. घरी येऊन शोधलं, तर डिसेंबर २०२३ मध्ये रोमहून त्यावर उत्तर निघालेलं: मृताच्या आयुष्यात महत्त्व असलेल्या जागी थोडासा भाग ठेवायचा विचार चर्चचे अधिकारी करू शकतात, त्यामागं श्रद्धेशी विसंगत काही नसेल तर. २०१६ च्या कागदामागं तो टाचून ठेवलाय, तारखेच्या क्रमानं. तिला पुढच्या रविवारी दाखवीन.

तुमचं भिंग माझ्याकडंच राहिलंय, ग्रंथात खूण म्हणून. आईनं तुमच्यासाठी लिंबाचं लोणचं घातलंय, भिंग आणि लोणचं दोन्ही दिवाळीत घेऊन येऊ. आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, पप्पांसाठी तुम्ही दरवर्षी पिवळी शेवंती आणायचात. यंदा तुमच्या वाटणीची मी नेईन.

तुमची,
वरच्या मजल्यावरची पोरगी
सांगली